शिमग्यापासून गणपतीपर्यंत

स्तनकर्करोगावरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात बाईला विचारलं, ‘हे दुखणं कधीपासून?’ तर ती तारीख सांगत नाही. ‘लावणी चालली होती तेव्हाचं’, ‘पालखी दारात आली त्याच दिवशी हाताला लागलं’, ‘गौरी गेल्या आणि मग वाढलं’, अशी उत्तरं येतात. स्तनातली गाठ घेऊन आलेल्या बायकांची ही उत्तरं मी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवत आले. पुढे कधीतरी ती एका बैठकीत वाचून काढली, तेव्हा एक कालावधी पुन्हा पुन्हा दिसला : शिमग्यापासून गणपतीपर्यंत.

त्यांतली एक बाई मला विसरता येत नाही. वय बेचाळीस. शिमगा आटोपून नवरा मुंबईला परत गेला आणि चारच दिवसांनी आंघोळ करताना वाटाण्याएवढी गाठ तिच्या हाताला लागली. सासूला सांगायचा संकोच, आणि फोनवर नवऱ्याला हे सांगायचं तरी कोणत्या शब्दांत? ‘गणपतीला येतील तेव्हा बघू’ असं तिने ठरवलं. मध्ये एकदा तापाच्या निमित्ताने एका दवाखान्यात गेली, तिथे धीर करून बोलली, तर दुधाची जुनी गाठ असेल म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. मग लावणी आली. मग गणपती. घरात पंधरा माणसं, गौरीचा ओवसा, नैवेद्य, आरत्या. त्या गर्दीत हा विषय निघाला नाही. माझ्यासमोर ती बसली तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. ‘इतके दिवस का थांबलात?’ या माझ्या प्रश्नावर तिने सरळ उत्तर दिलं, ‘दुखत नव्हती ओ मॅडम, मग कशाला दाखवू?’

तिच्या या उत्तरात चूक काही नव्हती. सगळ्या आयुष्यात तिला शरीराने जे शिकवलं होतं, त्याला धरूनच ती वागली होती. विंचू चावला तर दुखतं, गळू झालं तर दुखतं, बाळंतपणात दुखतं. न दुखणारी गोष्ट जीव घेऊ शकते हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं कोणी तिच्या वाटेत आलं नव्हतं.

या संग्रहातले लेख त्या वाटेवर उभं राहण्यासाठी आहेत. निदान, शस्त्रक्रिया, औषधं, किरणोपचार, आनुवंशिकता, पुनर्वसन ही शास्त्राची सगळी दालनं त्यांत आहेत. परिचारिका, आशाताई, वैद्यकीय विद्यार्थी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि घरात कोणाला तरी हा आजार झाल्यामुळे पुस्तक हाती घेणारा वाचक, या सगळ्यांचं मी इथे मनापासून स्वागत करते. संपादन करताना प्रत्येक लेखकाला मी एकच प्रश्न विचारत राहिले : तुम्ही सांगता ते संशोधन मंडणगड-गुहागरच्या बाईचे किती दिवस वाचवतं? काहींना हा प्रश्न शास्त्राबाहेरचा वाटला. मला तो शास्त्राच्या मध्यभागीचा वाटतो, आणि वाचकाने या विषयात त्याच दाराने यावं अशी माझी इच्छा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनकर्करोगासाठी जी मोहीम सुरू केली, तिची तीन उद्दिष्टं आहेत. शंभरांतल्या ६० रुग्णांचा आजार पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावा, दवाखान्यात पहिलं पाऊल टाकल्यापासून ६० दिवसांत निदान हातात पडावं, आणि शंभरांतल्या ८० जणींनी उपचार पूर्ण करावेत. असं झालं आणि मृत्युदर दरवर्षी अडीच टक्क्यांनी उतरत गेला, तर २०४० पर्यंत २५ लाख जीव वाचतील असा तिचा हिशेब आहे. यातल्या ६० दिवसांशी आमचे साडेपाच महिने ताडून पाहावेत. शिवाय संघटनेचं घड्याळ दवाखान्याच्या दारात सुरू होतं. आमच्याकडे त्या दाराशी पोचण्याआधीच सगळा पावसाळा येऊन गेलेला असतो.

रत्नागिरीच्या बाबतीत याला एक जुनं सामाजिक कारण आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असणारे जिल्हे देशात थोडे. इथे ती जास्त आहे, कारण पुरुष मुंबईला आहेत. गिरण्यांच्या काळापासून कोकणातला बाप्या चाकरमानी झाला आणि घर, शेत, गुरं, म्हातारी माणसं बाईच्या अंगावर राहिली. कामाचा सगळा भार तिचा, पण स्वतःच्या शरीरावर पैसे खर्च करण्याचा निर्णय मात्र मुंबईहून यायचा. याच इतिहासाचं दुसरं टोक परळला आहे. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं ते गिरणगावात, म्हणजे जिथल्या चाळींत आपल्या जिल्ह्यातली माणसं दाटीवाटीने राहत होती तिथेच. कोकणातल्या बाईला ‘टाटाला न्यायचं’ म्हणजे कुठे न्यायचं हे समजावून सांगावं लागत नाही. लालबाग-परळला कोणी ना कोणी दीर, भाऊ, आतेभाऊ असतोच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि हा प्रवास एका रात्रीचा झाला. आता अंतर किलोमीटरमध्ये फारसं उरलेलं नाही. जे उरलं आहे ते गाठ हाताला लागणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये आहे.

आजार केवढा आहे हे थोडक्यात सांगते. २०२२ साली जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि ६ लाख ७० हजार जणी दगावल्या. त्याच वर्षी भारतात नवे रुग्ण अंदाजे १ लाख ९२ हजार आणि मृत्यू ९८ हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा : जगात तीन-साडेतीन निदानांमागे एक मृत्यू, आपल्याकडे दोनांमागे एक. आपल्या देशातल्या अकरा कर्करोग नोंदणी केंद्रांच्या अभ्यासात निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास निघालं. मिझोराममध्ये ते ७५ च्या जवळ होतं, आणि ईशान्येकडच्याच पासीघाटला ४२ च्याही किंचित खाली. एकच देश, एकच आजार, पुष्कळशी औषधंही तीच. फरक पडतो तो बाई कोणत्या टप्प्यात आली आणि उपचार पूर्ण करू शकली का यामुळे. राष्ट्रीय नोंदींनुसार शंभरांतल्या ५७ जणी आपल्याकडे येतात तेव्हा रोग स्तनाच्या आजूबाजूला आणि काखेत पसरलेला असतो.

ही नोंदणी केंद्रं हा या क्षेत्राचा पाया आहे, आणि तो महाराष्ट्रात घातला गेला याचा मला अभिमान वाटतो. देशातलं पहिलं केंद्र मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने सुरू झालं, पहिलं ग्रामीण केंद्र १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. बार्शीची माणसं गावोगाव फिरून, पाराजवळ बसून कोणाला काय झालं, कोण गेलं हे टिपत राहिली, म्हणून खेड्यात हा आजार शहराच्या निम्म्याहून कमी आढळतो हे आपल्याला कळलं. का कमी, याचं उत्तर बऱ्याच अंशी ठाऊक आहे. लवकर पहिलं मूल, जास्त मुलं, दीर्घकाळ अंगावर पाजणं, अंगमेहनत यांमुळे स्तनावर संप्रेरकांचा मारा कमी होतो. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या ज्ञानाचा उपयोग करून शिकलेल्या, उशिरा लग्न केलेल्या किंवा मूल नसलेल्या बाईला ‘तुझ्यामुळेच झालं’ असं सुचवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांत डॉक्टरही होते. लोकसंख्येचा हिशेब एका बाईच्या माथी मारणं शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

आता या क्षेत्रातल्या मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या प्रयोगाकडे येते. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक साधा प्रश्न विचारला. मॅमोग्राफीची यंत्रं आपल्याला गावोगाव परवडणार नाहीत. मग प्रशिक्षित बाईच्या हाताने केलेली तपासणी जीव वाचवू शकेल का? ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची वस्त्यांनुसार दोन गटांत विभागणी झाली. एका गटातल्या ७५,३६० जणींच्या स्तनांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, तपासणी झाली. दुसऱ्या गटाला कर्करोगाची माहिती दिली गेली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि त्यानंतर काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षं हा अभ्यास चालला. त्याचे निष्कर्ष २०२१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले.

ते निष्कर्ष जसे आहेत तसे वाचायला हवेत. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या स्त्रिया शंभरांत ३७, दुसऱ्या गटात ४७. म्हणजे आजार लवकर सापडत होता, यात शंका नाही. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचा असू शकतो असं संख्याशास्त्र म्हणालं. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले आणि तो फरक भक्कम होता. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. आपल्याकडे तर हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं अलीकडे, पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमाराला गाठतो. तेव्हा तरुण बाईसाठी काय करायचं, हा प्रश्न या प्रयोगाने उघडा ठेवला आहे. वाचकांपैकी कोणी तरुण संशोधक असेल तर त्याने इथे थांबावं. या प्रयोगाच्या नैतिक बाजूवरही जगभर वाद झाला : दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का? तेव्हा देशात कुठेच अशी तपासणी होत नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं होतं. मला दोन्ही बाजूंचं दुखणं समजतं. माझं मत असं की दीड लाख गरीब बायकांनी वीस वर्षं दार उघडून जे ज्ञान दिलं, ते वापरात न आणणं हा त्याहून मोठा अपराध ठरेल.

याच्या शेजारी शांघायचा प्रयोग ठेवायला हवा. तिथल्या ५१९ कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांपैकी निम्म्या जणींना स्वतःचा स्तन स्वतः कसा तपासायचा हे पद्धतशीर शिकवलं होतं. दहा वर्षांनंतर, २००२ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच, १३५ आणि १३१. गिरणकामगारांच्या जिल्ह्यातून आलेल्या मला हा निकाल वाचताना वाईट वाटलं होतं. कारण शिबिरात भिंतीवर तक्ता लावून बोटं कशी फिरवायची हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्याचा अर्थ लागत गेला. दर महिन्याला ठरावीक कसरत करून जीव वाचत नाही. पण सहज हाताला लागलेली गाठ लपवू नये आणि त्याच आठवड्यात दाखवावी, हे सांगणं वेगळं आहे आणि ते शांघायने खोटं ठरवलेलं नाही. आमच्या बेचाळिशीच्या बाईला गाठ सापडली होतीच. तिचा हात चुकला नव्हता.

मॅमोग्राफीबद्दल एक स्वतंत्र लेख आहे, म्हणून इथे दोनच शब्द. तरुण स्तन घट्ट विणीचा असतो, त्यात गाठ एक्स-रेमध्ये झाकली जाते. वय वाढतं तशी वीण सैल होते आणि चित्र स्वच्छ येतं. म्हणून चाळिशीच्या आत सोनोग्राफीची मदत जास्त होते. अमेरिकेत २०२४ पासून चाळिसाव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस आहे. स्वीडनमध्ये लाखभर स्त्रियांवर झालेल्या मासाई प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने चित्रं वाचली, तेव्हा डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग अधिक सापडले. रेडिओलॉजिस्टची टंचाई असलेल्या आपल्या भागात याचा उपयोग होऊ शकेल. पण वाचायला आधी चित्र काढलेलं असायला हवं.

आपल्या सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी सांगितली आहे. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा कागद भरते, त्यात स्तनात गाठ आहे का, हा प्रश्न आहे. योजना चांगली आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या हजारात ९. आणि मुंबईच्या प्रयोगात जे दोन वर्षांच्या अंतराने साधलं, ते पाच वर्षांच्या अंतराने साधेल असं मला वाटत नाही. आमच्या जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने गावोगाव जाऊन तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासण्या केल्या आहेत. अशा शिबिरांचं यश बऱ्याचदा छोट्या गोष्टींवर ठरतं. शिबिर लावणीच्या किंवा आंब्याच्या हंगामात ठेवलं तर बायका येत नाहीत. देवळाच्या सभामंडपात ठेवलं तर पाळी चालू असलेली बाई पायरी चढत नाही. शाळेची खोली, दाराला पडदा, तपासणारी बाईच, आणि आशाताई ओळखीची, एवढं जमलं की खोली भरते.

गाठ सापडल्यावर पुढची अडचण सुईची. ‘सुई लावली की पसरतो’ ही समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की तुकडा काढायचं नाव काढताच माणसं उठून जातात आणि काढा-लेपात दोन महिने घालवतात. तुकडा तपासल्याने आजार पसरत नाही, हे या पुस्तकात तीन वेगवेगळ्या लेखांत आलं आहे. संपादक म्हणून मी ती पुनरुक्ती मुद्दाम राहू दिली आहे. कारण त्या तुकड्यावरच पुढचं सगळं उभं आहे. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांतून कळतं की हा कर्करोग संप्रेरकांवर पोसला जातो, की हर-टू नावाच्या प्रथिनाच्या जोरावर वाढतो, की या तिन्हींपैकी काहीच नाही. एकाच नावाखाली हे वेगवेगळे आजार आहेत. १८९६ मध्ये ग्लासगोच्या बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनातला रोग मागे हटतो हे दाखवलं, तिथून टॅमॉक्सिफेनच्या गोळीपर्यंत यायला पाऊणशे वर्षं लागली. आज ती गोळी दिवसाला काही रुपयांत मिळते, पण पाच-पाच, दहा-दहा वर्षं न चुकता घ्यावी लागते. हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये आलं तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना परवडणारं होतं. २०१४ मध्ये त्याचा भारतीय पर्याय बाजारात आल्यावर दार थोडं उघडलं. तिन्ही चाचण्या नकारार्थी येणारा प्रकार आपल्याकडे शंभरांत तिशीच्या आसपास, पाश्चात्त्यांच्या जवळपास दुप्पट. त्यावर टाटा मेमोरियलने ७२० स्त्रियांत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध आधीच्या केमोला जोडून पाहिलं आणि पन्नाशीच्या आतल्या बायका त्यामुळे जास्त जगतात हे २०२२ च्या डिसेंबरात जगासमोर मांडलं. तरुण बाईच्या ज्या प्रश्नाशी मुंबईचा तपासणीचा प्रयोग थांबला होता, त्याला इथे उपचाराच्या बाजूने थोडं उत्तर मिळालं.

त्याच वर्षी टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी पॅरिसमध्ये सादर केलेलं काम मला फार आवडतं. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्या सभोवती साधं भुलीचं औषध टोचायचं, दात काढताना वापरतात तेच, लिग्नोकेन. शस्त्रक्रियेच्या हाताळणीत पेशी सैल होऊन रक्तात निसटतात, त्या वाटेला हे औषध अडवेल अशी कल्पना होती. देशातल्या ११ केंद्रांत जवळपास १६०० स्त्रियांवर हे करून पाहिलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. इतर देशांत याची पडताळणी व्हायला हवी, आणि शास्त्राची रीत तीच आहे. पण शंभर रुपयांच्या आसपासचं औषध, वेगळं यंत्र नको, वेगळं कौशल्य नको. पेटंट नसलेल्या औषधावर दहा वर्षं खर्च करायला कोणती कंपनी पुढे आली असती? असे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयांनीच विचारायचे असतात. त्याच संस्थेने २०१५ मध्ये हेही दाखवलं की आजार शरीरभर पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ कापून आयुष्य वाढत नाही. एका ‘नाही’मुळे किती बायकांची विनाकारण होणारी शस्त्रक्रिया टळली असेल.

शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे कमी-कमी कापत जाण्याचा इतिहास. हॉलस्टेड यांच्या काळात, १८९० च्या दशकात, स्तनासोबत छातीचे स्नायूही काढत. अमेरिकेत फिशर आणि इटलीत वेरोनेसी यांनी फक्त गाठ काढून किरणोपचार दिले, आणि २००२ मध्ये वीस वर्षांच्या नोंदींनिशी दोघांनी सांगितलं की बाई तेवढीच जगते. तरीही आमच्याकडच्या बायका ‘सगळाच काढा’ म्हणतात. त्यामागे भीती असते, पण हिशेबही असतो. स्तन राखला तर ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, घ्यावी लागते, आणि लाईट म्हणजे पूर्वी पाच आठवडे मुंबईत मुक्काम. दिराच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. घरी गुरं कोण बघणार? म्हणून मला किरणोपचार छोटा करण्याचं संशोधन नव्या औषधांइतकंच मोठं वाटतं. पंचवीस दिवसांचे पंधरा झाले. २०२० मध्ये ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड प्रयोगाने चार हजारांवर रुग्णांत पाच दिवसांत दिलेला उपचारही तितकाच गुणकारी असल्याचं दाखवलं. सोमवारी सुरू, शुक्रवारी संपला, रात्रीच्या गाडीने घरी. सगळ्यांना तो चालत नाही, पण ज्यांना चालतो त्यांचा स्तन वाचू शकतो.

आनुवंशिकतेवरचा लेख अवघड आहे, शांतपणे वाचावा. शंभरांतल्या पाच-दहा जणींचाच आजार घराण्यातून आलेला असतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये ज्या जनुकाचा ठिकाणा सांगितला, त्या बीआरसीए-१ ची तपासणी आता आपल्याकडेही होते. आई, मावशी, बहीण यांपैकी दोघींना झाला असेल किंवा फार कमी वयात झाला असेल, तर विचारावं. वडिलांकडची आत्याही यात मोजावी, हे पुष्कळ जण विसरतात. आणि शंभरांत एखादा रुग्ण पुरुष असतो, तोही लाजेने उशीर करतो.

पैशांबाबत : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार बसतात. कागदपत्रांची यादी परिशिष्टात दिली आहे, ती फोटो काढून जवळ ठेवावी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत दिवसभराची केमो केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. तसं झालं तर केमोसाठी दर एकवीस दिवसांनी रात्रीची गाडी पकडणं थांबेल, आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्या बायका कमी होतील. अर्धवट सोडण्याचं कारण मी विचारत आले आहे. ‘बरं वाटायला लागलं’ हे एक, आणि ‘नेणारं कोणी नव्हतं’ हे दुसरं.

शेवटचा लेख हाताविषयी आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर काही जणींचा हात सुजतो, बांगड्या चढत नाहीत, हिरवा चुडा कापून काढावा लागतो. कोकणातल्या बाईचं तर सगळं कामच हातावर आणि डोक्यावर. म्हणून निळं औषध टोचून पहिल्या काही ग्रंथी ओळखायच्या, त्यांत आजार नसेल तर बाकीच्या राखायच्या, ही पद्धत आली. टाटामध्ये त्यासाठी कमी खर्चाची रीतही बसवली गेली. आमच्या त्या बेचाळिशीच्या बाईच्या नशिबी ते नव्हतं. तिच्या काखेत आजार पोचला होता, गाठी काढाव्याच लागल्या. केमो झाली, शस्त्रक्रिया झाली, लाईट झाली. तिचा पहिला प्रश्न किती वर्षं जगेन हा नव्हता. ‘विहिरीवरून पाणी कधी आणू शकेन?’ असं तिने विचारलं. फिजिओथेरपिस्टने तिला भिंतीसमोर उभं केलं, बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायला सांगितली आणि जिथे थांबली तिथे खूण केली. घरी गेल्यावर तिने ती खूण पडवीच्या भिंतीवर कोळशाने करायला सुरुवात केली. पुढच्या शिमग्याला नवरा आला तेव्हा त्या भिंतीवर अकरा खुणा होत्या, आणि सर्वांत वरची तिच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती.